परड्यातले दहा मीटर

आजचा विषय जरा वेगळा आहे. आठवडाभर मी लॅपटॉपसमोर कोड लिहितो आणि शनिवारी गावी जाऊन घराच्या मागच्या परड्यात एअरगननं कागदावर नेम धरतो. आज त्याबद्दल बोलायचंय. त्यात माझी एक चूक झाली, तीही सांगणार आहे. खरं तर तिच्यासाठीच हा भाग केलाय.

गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. आमच्याकडे नेमबाजीचं वेड नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली जागतिक विजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं, आणि २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्यपदक आणलं. त्या ऑगस्टमध्ये गावातल्या निम्म्या पोरांना बंदूक घ्यायची होती. मी घेतलीच. त्याआधीचा माझा अनुभव म्हणजे जत्रेत फुगे फोडणे, बास.

माझी बंदूक साधी, स्प्रिंगची. नळी मोडायची की आतली स्प्रिंग दाबली जाते. छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, ट्रिगर ओढला की स्प्रिंग पिस्टनला ढकलते आणि दाबलेली हवा छर्र्याला. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही. ‘परवाना लागत नाही’ हे ऐकून माझ्या डोक्यानं परस्पर ‘म्हणजे खेळणं आहे’ असा अर्थ काढला. चूक तिथूनच सुरू झाली.

सुरुवातीला माझे छर्रे कागदभर पसरायचे. मी बंदूक घट्ट आवळून धरत होतो ना! स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टन हलतो आणि बंदूक हादरते. आवळून धरली की तो हादरा दर वेळी वेगळा बसतो. म्हणून पुढचा हात नुसता टेकू द्यायचा आणि बंदुकीला तिची तिची हलू द्यायची. हे कळल्यावर दोन शनिवारांत छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडायला लागले. दहा मीटर रायफलच्या खऱ्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे फुशारकी मारायला जागा नाही. पण मी मारली. स्टेटसला फोटो ठेवले.

आता चूक. मी टार्गेट लावलं होतं एका फळीवर. फूटभर रुंद, फूटभर उंच. फळीमागं मेंदीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं शेजारच्या आप्पांची न्हाणी. एका रविवारी सकाळी आप्पा प्लॅस्टिकची बादली घेऊन दारात आले. बादलीला मधोमध एक गोल भोक. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “पोरा, हे तुझंच हाय न्हवं?” मी मान खाली घातली. मग म्हणाले, “नातीला तितंच आंघूळ घालती तिची आजी.”

खरं सांगतो, पुढचे दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग बसून हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर ऊर्जा सव्वासात ज्यूल. आकडा लहान वाटतो, पण तो सगळा साडेचार मिलिमीटरच्या टोकावर येतो. डोळा जायला एवढं पुरेसं आहे. आणि मेंदीचं कुंपण म्हणजे भिंत नव्हे, पडदा!

ऑफिसात कुणी ज्युनिअरनं फक्त सगळं नीट चाललं तर काय होतं एवढंच टेस्ट करून कोड पाठवला, तर मी परत पाठवतो. विचारतो, चुकीचं इनपुट आलं तर? इथं मी स्वतः तेच केलं होतं. नेम लागला तर छर्रा फळीत बसेल, एवढंच पाहिलं. चुकला तर कुठं जाईल, हे विचारलंच नाही. आणि नवशिक्याचा नेम चुकतोच की.

मग काय बदललं? पहिलं, दिशा. आता टार्गेट आमच्याच गोठ्याच्या दगडी भिंतीसमोर आहे, तिकडून कुणाची ये-जा नाही. दुसरं, दोन बाय दोन फुटांची जाड प्लायची पेटी, आत जुन्या गोधड्या आणि चिंध्या ठासून भरलेल्या. छर्रा आतच मरतो. दगडावर किंवा टणक लाकडावर थेट मारला तर तो उलटून अंगावर येऊ शकतो, म्हणून मऊ भराव हवाच. तिसरं, डोळ्यांवर चष्मा, मारणाऱ्याच्याही आणि बघणाऱ्याच्याही. चौथं, छर्रे शिशाचे असतात, म्हणून शूटिंग झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. आणि पाखरांवर नेम नाही. कुणी कितीही चिडवलं तरी नाही. वन्यजीव कायदा आहेच, पण कागदावर नेम बसतोय की, मग जीव कशाला घ्यायचा?

आप्पांना नवी बादली नेऊन दिली. ती त्यांनी घेतली, पण आधी परड्यात येऊन पेटी बघितली, मागं जाऊन भिंत बघितली, चिंध्यांत हात घालून पाहिला. मग एक अट घातली, “सुरू करायच्या आदी हाक मारायची.”

तेव्हापासून तोच नियम आहे. मी कुंपणापाशी जाऊन “आप्पा, सुरू करू का?” असं विचारतो. पलीकडून “हूं” आलं की पहिला छर्रा भरतो. एखाद्या शनिवारी “थांब जरा, पोरगी भाईर हाय” असं येतं. मग मी बंदूक पिशवीत ठेवून ओसरीवर बसतो. कधी अर्धा तास जातो, कधी त्या दिवशी होतच नाही. चालतंय.

तुमच्यापैकी कुणी परड्यात, गच्चीवर किंवा शेतात हे करत असेल, तर टार्गेट लावायच्या आधी एकदा त्याच्या मागं जाऊन उभे राहा, आणि तिथून काय काय दिसतंय ते बघा. एवढंच सांगायचं होतं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.