भार कोठे ठेवावा?

दहीहंडीचा मनोरा रचताना धष्टपुष्ट गडी तळाशी उभे राहतात आणि सर्वांत हलका पोर वर चढतो, हे कोणाला शिकवावे लागत नाही. खालचा थर रुंद असतो, त्यातले खांदे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. जसजसे वर जावे तसतशी माणसे कमी आणि अंगाने सडपातळ होत जातात. असा मनोरा कोसळतो तेव्हा वजन फार झाले असे क्वचितच असते. बहुधा ते मध्यापासून वीतभर बाजूला सरकलेले असते.

ऑगस्ट २००८ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत हा खेळ यंत्रांना खेळावा लागला. आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांच्या संघटनेने २००२ साली टोकिओ येथे ‘रोबोकॉन’ नावाची स्पर्धा सुरू केली. ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या यंत्रमानवांची स्पर्धा होय, आणि यजमान देश आपल्या परंपरेतून खेळाचा विषय निवडतो. २००८ चे यजमानपद भारताकडे होते. दूरदर्शनने विषय दिला तो गोविंदाचा: उंचावरच्या मडक्यांतून लोणी काढून आणणे. नाना देशांतील विद्यार्थ्यांनी कृष्णाची ही खोडी दांडे, साखळ्या आणि मोटारी यांच्या भाषेत उतरवली. विजेतेपद चीनच्या संघाने नेले.

यंत्रमानव म्हटले की सामान्य माणसाच्या मनात प्रथम येतो तो त्याचा मेंदू, म्हणजे संगणक. परंतु या स्पर्धांच्या मैदानाच्या कडेला तासभर उभे राहिलेल्या माणसाला काही वेगळेच दिसते. सहा-सहा महिने खपून तयार केलेले यंत्र मैदानात येते, हात उंच करते, वेगाने पुढे जाते, थांबते आणि तोंडावर आपटते. संगणकाने काहीही चूक केलेली नसते. त्याला सांगितले तेव्हा तो थांबला, इतकेच. मुले धावत येतात, पंच हात वर करतो, सामना पुढे चालू राहतो, आणि पडलेले यंत्र उलट्या झुरळासारखे चाके फिरवीत राहते.

या पडण्याचे गणित शाळेतल्या त्रिकोणाइतके सोपे आहे. एखाद्या यंत्राची दोन बाजूंची चाके एकमेकांपासून ६० सेंटिमीटर दूर आहेत असे समजावे. यंत्राचे सारे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि बरोबर मध्यावर असेल, तर ते यंत्र ४५ अंशांपर्यंत कलले तरी पुन्हा आपल्या चाकांवर येते. आता त्याच यंत्राने ओझे उचलून हात वर केला आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर गेला, तर जेमतेम साडेसव्वीस अंशांवर ते आडवे होते. थांबण्याचेही तसेच. पुढची-मागची चाके तितक्याच अंतरावर असतील, तर पहिल्या स्थितीत यंत्राला उलथवण्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाइतका जबर ब्रेक लागतो; दुसऱ्या स्थितीत त्याच्या निम्म्याने काम भागते. चाके गुळगुळीत असती तर यंत्र घसरत जाऊन वाचले असते. परंतु विद्यार्थी मोठ्या हौसेने खरखरीत रबराची, जमिनीला चिकटून राहणारी चाके बसवतात. चाक घसरायला तयार नसते, म्हणून यंत्र उलथते. चांगले चाक हेच येथे संकट होऊन बसते, ही गोष्ट पहिल्या वर्षीच्या बहुतेक संघांना मैदानावरच कळते.

अमेरिकेत या विद्येची परंपरा जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांच्या हाती किरकोळ सामानाची पिशवी देऊन त्यातून यंत्रे बांधवून घेण्याची आणि ती एकमेकांशी झुंजवण्याची पद्धत लोकप्रिय केली. पुढे संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापली आणि १९९२ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा भरवण्यास आरंभ केला. या स्पर्धेत यंत्राच्या वजनाची मर्यादा अनेक वर्षे १२० पौंड, म्हणजे सुमारे साडेचोपन्न किलो होती. मौज अशी, की त्या मर्यादेत बॅटरी आणि भोवतालचे गादीचे कठडे धरले जात नसत. शिसे भरलेली ही बॅटरी एकटीच सुमारे १३ पौंड भरते. म्हणजे काट्यावर न मोजले जाणारे सहा किलोंचे एक घट्ट ओझे प्रत्येक संघाला फुकट मिळालेले असते, आणि ते कोठे ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

नवशिका संघ बॅटरी सर्वांत शेवटी बसवतो, जेथे जागा उरेल तेथे. जाणता संघ कागदावर पहिली रेघ ओढतो ती बॅटरीची. ती तळपट्टीला चिकटून असावी, आणि यंत्राचा हात पुढे झेपावत असेल तर ती मागच्या टोकाला असावी. पाण्याची कावड खांद्यावर घेणारा माणूस दोन्ही घागरी सारख्या भरतो. एकच घागर असेल तर दुसऱ्या टोकाला धोंडा बांधतो. येथे बॅटरी हाच तो धोंडा, फरक एवढाच की हा धोंडा यंत्राला शक्तीही पुरवतो. निरुपयोगी लोखंड वाहण्यापेक्षा जे वाहावेच लागणार आहे त्याच्याकडून तोल सांभाळून घेणे, यात खरी हुशारी आहे.

वजन कमी करतानाही तीच दृष्टी लागते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी यंत्र काट्यावर चढवावे आणि ते दोन किलो जास्त भरावे, हा प्रसंग नेहमीचा. मग गिरमिट घेऊन दिसेल त्या पत्र्याची चाळणी करण्याचा उद्योग सुरू होतो. समजा, यंत्र ५० किलोंचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर उंचीवर आहे. दोन किलो जर १२० सेंटिमीटर उंचीवरच्या भागातून काढले, तर गुरुत्वमध्य ३६.७ सेंटिमीटरपर्यंत खाली येतो. तेच दोन किलो तळाच्या, पाच सेंटिमीटरवरच्या पट्टीतून काढले, तर तो ४१.५ पर्यंत वर चढतो. काट्याला दोन्ही यंत्रे सारखीच, मैदानाला नव्हेत. म्हणून काही अनुभवी संघ वरचा हात शक्य तितका हलका करतात आणि तळाला मुद्दाम पोलादी पत्रा घालतात. पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. मर्यादेच्या आत उरलेले वजन असे जमिनीलगत खर्च करणे हे मात्र पूर्ण विचारांती केलेले असते.

चाकांच्या बाबतीत याहून बारीक कसब आहे. बैलगाडी भरताना भार कण्याच्या मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. फार पुढे आला तर बैलांच्या माना दबतात. गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून हा मेळ घालतो. यंत्राची दोनच चाके मोटारीने फिरत असतील, तर त्या दोन चाकांवर जितका भार पडेल तितकीच जमिनीवर पकड मिळते. एकंदर भारापैकी साठ टक्के त्यांच्यावर असेल तर पकडही साठ टक्केच. उरलेले चाळीस टक्के वजन नुसते ओढत न्यायचे. यावर उपाय म्हणून एका बाजूस तीन अशी सहा चाके लावून ती सर्वच फिरवण्याची पद्धत रूढ झाली. परंतु सहाही चाके जमिनीला टेकली की यंत्र वळता वळत नाही, चाके आडवी घासत राहतात. तेव्हा मधली दोन चाके सुमारे तीन मिलिमीटर खाली बसवतात. मग यंत्र एका वेळी चारच चाकांवर उभे राहते आणि सहज वळते.

येथे एक नवी अडचण उभी राहते. गुरुत्वमध्य नेमका मधल्या चाकांवर आला, तर यंत्र कधी पुढच्या जोडीवर, तर कधी मागच्या जोडीवर डुलत राहते, आणि नेम धरून चेंडू फेकणाऱ्या यंत्राला ही डुलकी भारी पडते. म्हणून बॅटरी चार बोटे मागे सरकवून भार जाणूनबुजून एका बाजूला झुकता ठेवतात. समतोल म्हणजे सर्वत्र सारखे वजन, अशी जी भाबडी समजूत असते, तिला हे उदाहरण चांगले उत्तर आहे.

२०१२ च्या स्पर्धेत तर तोल हाच खेळाचा भाग करण्यात आला. मैदानाच्या मध्यावर तीन पूल होते, मधोमध आसावर टेकलेले आणि लहान मुलांच्या सी-सॉप्रमाणे दोन्ही बाजूंना झुकणारे. सामना संपताना यंत्रांनी पुलावर चढून तो आडवा स्थिर राखायचा. एक पूल एका पक्षाचा, दुसरा प्रतिपक्षाचा आणि तिसरा दोघांचा. या तिसऱ्या पुलावर दोन्ही पक्षांचे एकेक यंत्र चढून पूल स्थिर राहिला, तर प्राथमिक फेरीत दोन्ही पक्षांना क्रमवारीचे तितकेच गुण मिळत जितके सामना जिंकल्याबद्दल मिळत. दोन मिनिटे ज्यांनी एकमेकांना धडका दिल्या त्यांनी अखेरच्या क्षणी एकाच फळीवर समोरासमोर उभे राहून एकमेकांचा भार तोलायचा! नियम करणाऱ्यांच्या कल्पकतेला दाद द्यावी अशीच ही योजना होती.

त्या पुलावर उंच यंत्रांची फजिती उघडी पडली. पूल कलला की उंचावरचा गुरुत्वमध्य उताराच्या बाजूला अधिक सरकतो, त्यामुळे पूल आणखी कलतो, आणि मग गुरुत्वमध्य आणखी सरकतो. तळहातावर उभी धरलेली काठी जशी एकदा झुकली की झुकतच जाते, तसाच हा प्रकार. बुटके, खाली जड असलेले यंत्र मात्र पुलाच्या हालचालीला फारसे भुलत नसे. पुढे २०२३ च्या खेळात झुकणारा मंच पुन्हा आला. तोवर कलाचा अंश मोजणारी उपकरणे स्वस्त व सर्रास झाली होती. आरंभीच्या पंधरा सेकंदांत माणसाचा हात न लागता यंत्रे स्वतः मंचावर चढून पुढे-मागे होत तोल साधत. तरीही ज्या यंत्राचा भार वर होता त्याचे संगणकालाही अधिक आर्जव करावे लागे.

गुरुत्वमध्य शोधण्याची रीत घरगुती आहे. पुढच्या चाकांखाली एक आणि मागच्या चाकांखाली एक असे दोन वजनकाटे ठेवावेत. पुढे २० आणि मागे ३० किलो भरले व चाकांमधील अंतर ६० सेंटिमीटर असले, तर मध्य मागच्या चाकांपासून २४ सेंटिमीटरवर आहे. उंचीसाठी यंत्राची पुढची बाजू उचलत जावी आणि मागच्या चाकांवर ते क्षणभर अधांतरी तोलून राहते तो कल मोजावा. तो ४५ अंश आला तर उंचीही २४ सेंटिमीटरच. दोघांनी धरावे, तिसऱ्याने मोजावे. दहा मिनिटांचे काम. अभियांत्रिकीच्या परीक्षेत याच विषयावर पाने भरून लिहिणारे कित्येक विद्यार्थी आपल्या यंत्राला मात्र हा साधा प्रश्न विचारीत नाहीत.

२०१४ मध्ये रोबोकॉन पुन्हा पुण्यात आली, तेव्हा विषय होता पालकत्वाचा. प्रत्येक संघाला दोन यंत्रे बांधायची होती, एक पालक आणि एक बालक. पालकाने बालकाला उचलून उद्यानात न्यायचे, सी-सॉवर बसवून खाली-वर खेळवायचे, झोपाळ्यावर झोके द्यायचे; बालकाने खांबांच्या माथ्यांवर पावले टाकीत जायचे आणि शेवटी जंगल-जिमवर चढायचे. भाराची विभागणी आता एका यंत्राच्या पोटातली राहिली नाही, ती दोघांमधली झाली. समजा, ३० किलोंच्या पालकाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या २५ सेंटिमीटर मागे आहे आणि त्याने बालकाला चाकांच्या ८० सेंटिमीटर पुढे धरले आहे. बालक ५ किलोंचे असेल तर पालक निर्धास्त असतो. ते ८ किलोंचे झाले की पालक उभा राहतो खरा, पण एका हिसक्यात पुढे झुकेल अशा बेताने. मग पालकाची बॅटरी मागच्या कडेला न्यावी, की बालकाच्या अंगातली एखादी मोटार काढावी? मोटार काढली तर बालक चढणार कसे? आणि बालकाला तर खांबांवर एक पाय उचलण्यापूर्वी आपला सगळा भार दुसऱ्या पायावर न्यायचा, म्हणजे त्याच्या अंगातही काहीतरी जड, सरकणारे असले पाहिजे.

कार्यशाळांतून रात्री उशिरापर्यंत याच घासाघिशी चालल्या. त्या वर्षी ही स्पर्धा व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांनी जिंकली. त्यांचे बालक जंगल-जिमच्या माथ्यावर पोहोचून विजयाचा झेंडा उंचावीत असताना पालक खाली, आपल्या रुंद बैठकीवर, स्वस्थ उभा होता.