अपेंडिक्स काढलं, रिपोर्ट आणला का?



व्याख्यानमालेत कॅन्सर म्हटला की तंबाखू, स्तन, गर्भाशयाचं तोंड हे विषय ठरलेले. ते व्हायलाच हवेत. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणून आज अशा कॅन्सरबद्दल बोलतो जो बहुधा कुणी शोधत नसताना सापडतो. उजवीकडे पोटात दुखतं, सोनोग्राफी होते, अपेंडिक्स सुजलं म्हणून काढतात. अशा शंभर अपेंडिक्समागे साधारण एकात गाठ निघते, आणि ती ओळखू येते मायक्रोस्कोपखाली. थिएटरच्या दारात ट्रेमधून नातेवाइकांना दाखवतात त्या तुकड्याचा मोबाइलवर फोटो काढून काहीही कळत नाही.

आपल्याकडे असे रुग्ण किती? नगर जिल्ह्यातल्या जामखेडची शीव ओलांडली की भूम, परांडा, पुढे बार्शी. या तीन तालुक्यांसाठी १९८७ साली बार्शीला कॅन्सर नोंदणी सुरू झाली. भारतातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. गावोगाव जाऊन रुग्ण शोधणारी. पण आंतरराष्ट्रीय संकेतांकात अपेंडिक्सला स्वतंत्र घर नाही. मोठ्या आतड्याच्या 'सी १८' मध्येच ते 'सी १८.१' म्हणून राहतं, आणि छापील तक्त्यात बहुधा आतड्याच्या आकड्यात मिसळून जातं. शिवाय जो तुकडा तपासणीला गेलाच नाही, तो कुठली नोंदणी मोजणार? अमेरिकेत मोजलं. १९४०च्या दशकात जन्मलेल्यांपेक्षा १९८०च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण चौपटीवर गेल्याचं २०२५ साली प्रसिद्ध झालं. कारण अजून हाती आलेलं नाही.

आता जनुकांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. अपेंडिक्स मोठ्या आतड्यालाच लटकलेलं, म्हणून हा आतड्याचाच कॅन्सर असं वर्षानुवर्षं धरलं गेलं. जनुकं वाचता येऊ लागली आणि ते गृहीतक डळमळलं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा 'एपीसी' हे जनुक सुरुवातीलाच बिघडतं. अपेंडिक्समध्ये ते क्वचित बिघडलेलं दिसतं. श्लेष्मा म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव बनवणाऱ्या गाठींत 'केरास' आणि 'जीनास' या दोघांचा गोंधळ असतो. केरास पेशीला वाढीचा हुकूम देतं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटावा आणि लाल बटण दाबूनही ती थांबू नये, तसं त्याचं होतं. जीनास बिघडलं की पेशी श्लेष्मा बनवतच राहते. पेशी फारशा आक्रमक नसतात, पण श्लेष्मा साचून अपेंडिक्स फुटतं आणि पोटाच्या अस्तरावर सगळीकडे जेली पसरते. याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात. पोट वाढत जातं. बाईमाणूस असेल तर आधी अंडाशयाची गाठ समजतात, पुरुषाचं हर्नियाचं ऑपरेशन करताना जेली बाहेर येते. त्यात 'टीपी ५३' हे जनुकही बिघडलेलं असलं तर बहुधा रोग वेगानं धावणारा निघतो. ऑड्री हेपबर्न ही अभिनेत्री जानेवारी १९९३ मध्ये अपेंडिक्समधून पसरलेल्या कॅन्सरनंच गेली.

उपचार गाठीच्या जातीवर ठरतात. न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर अपेंडिक्स निघालं की बहुधा काम झालं. दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि तिथल्या लसिका ग्रंथी काढतात. जेली पसरलेली असेल तर मात्र मोठं युद्ध. वॉशिंग्टनचे डॉ. पॉल शुगरबेकर यांनी रुळवलेली ही पद्धत: पोटाचं रोगट अस्तर सोलून काढायचं, गरजेप्रमाणे पानथरी, पित्ताशय, अंडाशयही काढायचे, आणि मग ४१ ते ४३ अंशांचं औषध तास-दीड तास पोटात फिरवायचं. या गरम औषध फिरवण्याला हायपेक म्हणतात. औषध जेमतेम काही मिलिमीटर आत शिरतं, म्हणून आधी डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ निघाली पाहिजे. ऑपरेशन आठ-दहा तास सहज चालतं. २०१२ साली जगभरातल्या २,२९८ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ६३ टक्के होतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये ही शस्त्रक्रिया होते. माझं मत विचाराल तर ती जिथे नेहमी होते तिथेच करावी. घराजवळचं म्हणून निवडू नये.

शिरेतून द्यायची केमोथेरपी आतड्याच्या कॅन्सरकडून उसनी घेतलेली आहे. संथ वाढणाऱ्या श्लेष्मल गाठींवर तिचा फायदा दिसत नाही. तेव्हा 'कॅन्सर आहे आणि केमो का देत नाही?' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. केरासच्या ज्या बदलावर सर्वांत आधी गोळ्या निघाल्या, तो बदलही अपेंडिक्समध्ये विरळाच.

घराण्याचं काय? १३१ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात साडेअकरा टक्के लोकांत जन्मतःच आलेला जनुकीय दोष सापडला. तेव्हा हा रोग निघाला तर रुग्णाची अनुवंशिक तपासणी करावी का, हे विचारा. दोष सापडला तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं.

जाता जाता एकच विनंती. घरात कुणाचं अपेंडिक्स काढलं तर तो तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत लॅबला गेला ना, हे त्याच दिवशी विचारा. रिपोर्ट टाके काढायला जाल तेव्हा हातात घ्या आणि सर्जनना वाचायला लावा. त्यात 'श्लेष्मल', 'न्यूरोएंडोक्राइन' किंवा 'गॉब्लेट सेल' असं काही असेल तर लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. दुसरं मत आणि जनुकांची तपासणी त्याच ब्लॉकवर होते.