उत्तराआधी प्रयोग



विज्ञानाच्या तासाला प्रयोग बहुधा ‘कृती, निरीक्षण, अनुमान’ या क्रमाने फळ्यावर उतरतो, वहीत जातो आणि परीक्षेत परत येतो. प्रयोगशाळेचे कपाट बंदच राहते. विद्यार्थ्याला गुण मिळतात. पडताळून पाहण्याची सवय मात्र लागत नाही. ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणूनच ती अधिक गंभीर आहे.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन वित्तसेवेत असताना १९१० च्या सुमारास याच नागपुरात कार्यरत होते. पुढे १९२१ मध्ये युरोपातून परतताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांचे लक्ष वेधले. ही निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. रामन यांनी जवळचा निकोल लोलक डोळ्यासमोर धरून परावर्तित प्रकाश वगळला; निळाई कायम राहिली! त्या शंकेतून सुरू झालेले प्रकाश-विकिरणाचे संशोधन २८ फेब्रुवारी १९२८ च्या ‘रामन परिणामा’पर्यंत आणि १९३० च्या नोबेल पुरस्कारापर्यंत पोहोचले.

विकिरण वर्गातही दाखविता येते. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब मिसळावेत आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने पांढऱ्या प्रकाशाची विजेरी लावावी. कडेने पाहिल्यास पाण्याला निळसर झाक दिसते. पलीकडून पाहिल्यास प्रकाश पिवळसर-नारिंगी होतो. दुधाचे सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, हे त्याचे कारण. मात्र विजेरी लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. अंदाज चुकला तरी तो खोडू नये. खरे शिक्षण तेथेच सुरू होते.

दुसरा प्रयोग जुन्या सीडीचा. ती दिव्याखाली तिरपी धरली की प्रकाशातील रंग वेगळे होतात. निरनिराळ्या दिव्यांचे वर्णपट ताडून पाहावेत. सूर्याकडे मात्र ती धरू नये. याच तत्त्वावर ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील मातीवर लेझरचा झोत टाकला आणि उत्सर्जित प्रकाशाच्या वर्णपटावरून तेथील गंधक ओळखले.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. नागपुरातील ‘अपूर्व विज्ञान मेळ्या’त महानगरपालिकेच्या शाळांतील विद्यार्थी साध्या वस्तूंतून प्रयोग करून त्यामागील विज्ञान प्रेक्षकांना समजावून सांगत आले आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

राष्ट्रीय विज्ञान दिनी भाषणे अवश्य व्हावीत. परंतु त्याआधी प्रत्येक वर्गात एक पेला, एक विजेरी आणि दुधाचे चार थेंब पोहोचावेत.