यांत्रिक करवत आणि मजुराचे पाय

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जंगल हे पिढ्यान्‌पिढ्या निर्वाहाचे साधन राहिले आहे. येथील ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी बांधवांनी साग व ऐनाची तोड कुऱ्हाडीने आणि हातकरवतीने केली. ठेकेदारांच्या पिळवणुकीतून त्यांची सुटका व्हावी म्हणून बाळासाहेब खेर यांच्या प्रेरणेने १९४७ साली जंगल कामगार सहकारी संस्थांची चळवळ सुरू झाली. मजुराच्या घामाला दाम मिळावा, हा तिचा हेतू होता. आज त्याच्या देहरक्षणाचा विचारही तितक्याच अगत्याने व्हावयास हवा.

कारण हत्यार बदलले आहे. पावसाळ्यात माळशेज घाटाच्या रस्त्यावर अथवा शाळेच्या छपरावर झाड कोसळले की पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजेच लोकांच्या बोलीतले ‘मशीन’, बोलावले जाते. चालविणाऱ्याच्या अंगावर पुष्कळदा साधी विजार आणि पायांत चप्पल एवढेच असते. करवतीची साखळी मात्र सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावते. ती जखम कापत नाही, फाडते. मांडीतील मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच प्राण जाऊ शकतो. आणि दूरच्या पाड्यावरून रुग्णालय गाठावयास त्याहून अधिक वेळ लागतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या पायाला हा धोका विशेष असतो.

जाड जीनची विजार, चामडे वा रबरी बूट ही साखळी रोखू शकत नाहीत. खऱ्या पायकवचात लांब, चिवट तंतूंचे अनेक थर सैलसर ठेवलेले असतात. साखळी वरचे कापड फाडताच हे तंतू ओढले जाऊन तिच्या दातेरी चक्रात गुंततात आणि साखळी थांबते. कवच अभेद्य नसते. ते मोलाचा क्षण मिळवून देते. विजेवर चालणाऱ्या करवतीचा जोर गुंता होऊनही टिकत असल्याने तेथे हे संरक्षण कमी पडू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदी करताना करवतीचे चित्र आणि आयएसओ ११३९३ हे मानक लेबलावर पाहावे. वर्ग १ ची चाचणी सेकंदाला २० मीटर, वर्ग २ ची २४ मीटर आणि वर्ग ३ ची २८ मीटर वेगाने होते. आपल्या यंत्राच्या साखळीचा वेग पाहून वर्ग ठरवावा. ‘अ’ प्रकार मुख्यतः पायाची पुढील बाजू झाकतो. ‘क’ प्रकार चहूबाजूंनी झाकतो, पण अधिक उकडतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कवच काढून ठेवण्याचा मोह होतो. म्हणून जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्या अनुभवी माणसासाठी मागून पट्ट्यांनी बांधावयाचे हवेशीर कवच सोयीचे; नवशिक्यासाठी ‘क’ प्रकार बरा.

कवच कमरेपासून बुटापर्यंत पोहोचावे. सर्व पट्टे लावावेत. सैल कवच ऐन वेळी फिरते आणि पाय उघडा पडतो. सोबत पुढे पोलादी टोपी असलेले बूट असावेत. अस्तराला शिलाई मारू नये, कारण टाक्यांनी बांधलेले तंतू सुटून बाहेर येत नाहीत. तेल-पेट्रोलचे डाग निर्मात्याच्या सूचनेनुसार धुवावेत, ब्लीच वापरू नये. साखळीने एकदा अस्तर कापले की ते कवच बाद करावे.

खर्च कोणी करावा? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ साली वनकामाच्या सुरक्षिततेसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. संरक्षक साधने पुरविण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची, हेच तिचे सूत्र आहे. ग्रामपंचायत झाड तोडण्याचे काम देते तेव्हा कामाच्या अटींत पायकवचाची अट घालणे तिच्याच हाती असते. गावासाठी दोन-तीन जोड विकत घेऊन ठेवल्यास ते कामापुरते देता येतील. शिक्षकांनी मुलांना कापणीच्या जागेपासून दूर ठेवावे आणि ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी.

पडलेले झाड तासाभराने हटले तरी रस्ता सुरू होतो. घरच्या कर्त्या माणसाचा गेलेला पाय मात्र परत येत नाही. म्हणून यंत्राची दोरी ओढण्यापूर्वी कवचाचे पट्टे बांधले आहेत की नाहीत, एवढे विचारण्याची सवय प्रत्येक गावाने लावून घ्यावी.