पीएच.डी.चा अर्ज: प्रश्न तुमचा, पैसा कोणाचा?



राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात परदेशात पीएच.डी. करायची असं ज्यांनी मनात धरलं आहे, त्या मुलामुलींशी मला आज बोलायचं आहे. त्यांच्या आईवडिलांनीही ऐकावं, कारण पैशाचा निर्णय आपल्याकडे घरात सगळ्यांनी मिळून होतो.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. पीएच.डी. हे कर्ज काढून करायचं शिक्षण नाही. इंजिनिअरिंगच्या किंवा मॅनेजमेंटच्या पदवीसाठी काढलेलं कर्ज पुढच्या पगारातून फिटेल अशी निदान आशा असते. राज्यशास्त्राच्या डॉक्टरेटनंतर तसा पगार कोणी हातात घेऊन उभं नसतं. त्यामुळे फी आणि पोटापाण्याचा खर्च विद्यापीठाने, सरकारने किंवा एखाद्या निधीने उचलला, तरच जावं. शेत गहाण टाकून जाऊ नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच पाहा. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये तिथलं काम अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. एवढ्या बुद्धीच्या माणसाचंही काम पैशाची मुदत संपल्यामुळे तीन वर्षं अडलं. म्हणून शिष्यवृत्तीचं पत्र आलं की रक्कम किती हे पाहण्याआधी ती किती वर्षं मिळणार हे पाहावं. प्रबंधाला चार वर्षं लागणार आणि पैसे तीनच वर्षांचे असतील, तर चौथ्या वर्षाचं काय, हे प्रवेश घेण्याआधीच लेखी विचारावं.

देशोदेशीच्या रीती वेगळ्या आहेत. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.चा प्रवेश आणि पैसा बहुधा एकत्रच येतो. साधारण पाच वर्षांची हमी असते, बदल्यात पदवीच्या वर्गांना शिकवण्यात मदत करावी लागते. पहिली दोन वर्षं वर्गात बसून शिकायचं, संख्याशास्त्रही शिकायचं. नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते. तिची जागा जाहिरातीने भरली जाते. म्हणून तिथे ‘प्रवेश’ या पानावर शोधून उपयोग नाही, ‘नोकरभरती’ पाहावी लागते.

ब्रिटनमध्ये मात्र आपली मुलं फसतात. तिथे प्रवेश एका हाताने मिळतो आणि पैसा दुसऱ्या हाताने. विभागाला तुमचा विषय आवडला की प्रवेशपत्र येतं, घरी पेढे वाटले जातात, आणि नंतर कळतं की त्यात एक पौंडही नाही. शिवाय निधीच्या अर्जाची तारीख पुष्कळदा प्रवेशाच्या तारखेच्या आधी असते, बरेचदा डिसेंबर-जानेवारीत. प्रवेश मिळाला की मग शिष्यवृत्तीचं बघू असं म्हणणाऱ्याचं वर्ष तिथेच जातं.

तिथल्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला सरकारी संशोधन परिषद पैसे देते. २०२१ पासून तिच्या पैशावरच्या जागा परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या झाल्या, पण ३० टक्क्यांच्या मर्यादेत. २०२५-२६ साठी किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड ठरलं. एक मेख मात्र आहे. परिषद फी भरते ती तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी त्याहून कितीतरी जास्त असते. मधला फरक विद्यापीठ माफ करणार की तुमच्याकडून घेणार? हा प्रश्न विचारायला लाजू नका. व्हिसाबरोबर आरोग्य सेवेचा अधिभारही भरावा लागतो. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, विमानात बसण्याआधी. चार वर्षांचे तीन हजारांवर पौंड होतात. पहिलं विद्यावेतन हातात पडायच्या आधी ही रक्कम उभी करायची असते.

शिष्यवृत्त्यांची नावं ऐकून गोंधळ होतो, म्हणून दोन सांगून टाकते. चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, पीएच.डी.साठी नाही. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप भारतात पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्यांसाठी आहे. त्यांना काही महिने अमेरिकेत संशोधन करता येतं.

आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी तो फार मोठा आधार आहे. परंतु २०२२ च्या नियमावलीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ज्या मुलीने जातपंचायत सोसली, तिने तिचाच अभ्यास करायचा म्हटलं तर हा दरवाजा बंद. हा नियम अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा विषय ठरवण्याआधी चालू वर्षाची नियमावली नीट वाचा.

आता प्रस्तावाकडे येऊ. आपल्याकडचे प्रस्ताव बहुधा ‘भारत-फ्रान्स संबंध: एक चिकित्सक अभ्यास’ अशा थाटाचे असतात. हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. निवड समितीला प्रश्न हवा असतो, ज्याचं उत्तर आज कोणाकडेच पक्कं नाही असा.

रत्नागिरी जिल्ह्यातलं जैतापूर घ्या. माडबनच्या सड्यावर फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या उभ्या राहायच्या होत्या, ९,९०० मेगावॉटच्या. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना अरेव्हा या फ्रेंच कंपनीशी करार झाला. प्रकल्प अजून उभा नाही. तिकडे तमिळनाडूत कुडनकुलमचा करार सोव्हिएत संघाशी १९८८ मध्ये झाला. २०११-१२ मध्ये तिथल्या मच्छीमारांनी फार मोठं आंदोलन केलं, आणि तरीही २०१३ मध्ये पहिल्या भट्टीची वीज ग्रिडमध्ये गेली. दोन्हीकडे समुद्रकिनारा, दोन्हीकडे परदेशी तंत्रज्ञान, दोन्हीकडे लोकांचा विरोध. मग एक प्रकल्प चालू का झाला आणि दुसरा का अडला?

हा झाला प्रश्न. याची उत्तरं एकाहून अधिक संभवतात. कदाचित कोकणातला विरोध राजकीय पक्षांनी वेगळ्या रीतीने उचलून धरला. कदाचित अणुअपघाताच्या भरपाईची जबाबदारी ठरवणाऱ्या २०१० च्या अणुदायित्व कायद्यामुळे परदेशी कंपनी कचरली. कुडनकुलमच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा करार त्या कायद्याच्या कितीतरी आधीचा होता. कदाचित कारण फ्रान्समध्येच असेल, कारण अरेव्हा पुढे आर्थिक संकटात सापडली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेला. यातलं कुठलं उत्तर खरं हे तुम्ही कशावरून ठरवणार, ते प्रस्तावात लिहायचं. विधानसभेतल्या चर्चा, लोकसभेतली उत्तरं, ग्रामसभांचे ठराव, साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांच्या मुलाखती. इथे रत्नागिरीच्या मुलीचं पारडं जड होतं. ग्रामसभेचा मराठी ठराव ती मुळातून वाचू शकते. तमिळ येत नसेल तर तेही मोकळेपणाने लिहावं, आणि दुभाषा कसा मिळवणार हे सांगावं.

मार्गदर्शकांना पाठवायचं पत्रही असंच नेमकं असावं. ‘आदरणीय महोदय, मला आपल्या हाताखाली संशोधन करायचं आहे’ असं एकच पत्र चाळीस प्राध्यापकांना गेलं तर ते कोणीच वाचत नाही. चार-पाच जणच निवडा. त्यांचा एखादा लेख खरोखर वाचा, तो तुमच्या प्रश्नाला कुठे भिडतो ते दोन ओळींत लिहा, सोबत प्रस्तावाचं एक पान जोडा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि तरीही आलं नाही तर पुढे चला.

शिफारसपत्रांबद्दल माझ्या प्राध्यापक मित्रांना एक विनंती आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपली जुनी सवय मुलांचं नुकसान करते. विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेलं पत्र समितीला ओळखू येतं, कारण त्यात नुसती विशेषणं असतात. त्या मुलाने वर्गात काय विचारलं, त्याच्या निबंधात नवं काय होतं, हे फक्त शिक्षकालाच माहीत असतं. अर्धा तास काढा आणि ते लिहा.

परदेशी जाणं जमलं नाही तर इथेही वाट आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. बार्टी, सारथी आणि महाज्योती या महाराष्ट्रातल्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत.

ज्यांना पुढच्या वर्षी जायचं आहे त्यांनी प्रस्तावाचं पहिलं पान ऑगस्टपर्यंत लिहून काढावं आणि राज्यशास्त्र न शिकलेल्या एखाद्या शहाण्या माणसाला वाचायला द्यावं. त्याला प्रश्न कळला नाही तर पान पुन्हा लिहावं. आणि मार्च-एप्रिलमध्ये पैशाविना नुसतं प्रवेशपत्र आलं, तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, आभार मानून नकार कळवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.