दोष सीटचा, शरीराचा नाही

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे सायकलची सीट. हसा, पण जरा आठवूनही पाहा. वस्त्यांमधून सायकलवर फिरणाऱ्या किंवा गियरच्या सायकलवर लांबचा पल्ला मारणाऱ्या आपल्यातल्या कितीजणींनी सायकल मुकाट्यानं सोडून दिली? विचारलं तर म्हणतात, वेळ होत नाही. खरं म्हणजे दुखतं. आणि कुठे दुखतं ते सांगायची लाज वाटते. मीही वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. माझंच शरीर नाजूक, असं समजून गप्प बसले.

ही गप्प बसण्याची सवय जुनी आहे. १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या, तेव्हा सीटच्या स्पर्शानं त्या बिघडतील अशी ओरड काही डॉक्टरांनीच केली. त्यावर उपाय म्हणून मधे पोकळी ठेवलेल्या 'आरोग्यदायी' सीटा विकायला आल्या. काळजी बायकांच्या चारित्र्याची होती. त्यांना दुखतं का, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न आपण विचारू. बसताना आपला भार दोन हाडांवर यायला हवा. मांडीखाली हात घेऊन बसलात तर ती हाताला लागतात. बायकांमध्ये या हाडांतलं अंतर सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. सीट अरुंद असली की हाडं बाहेर राहतात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. मग बधिरपणा, सूज, सोलवटणं.

माप घ्यायला पैसे लागत नाहीत. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, थोडं पुढे वाका. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. खूप वाकून चालवत असाल तर त्यात साधारण १ ते २ सेंटिमीटर मिळवा, ताठ बसत असाल तर ३ ते ४. तेवढ्या रुंदीच्या आसपासची सीट शोधा. त्याहून फार रुंद घेतली तर मांड्या घासतात.

दुकानात बोटानं दाबून मऊ सीट निवडू नका. जवळच्या फेरीला ती चालते. लांबच्या पल्ल्यात हाडं फोममध्ये रुततात आणि मधला फोम वर येऊन नको तिथेच दाबतो. जाड जेलच्या कव्हरचंही तेच. जरा घट्ट आणि मधे खाच असलेली सीट पुष्कळजणींना सोसते, सगळ्यांना नाही.

पण नवी सीट घेण्याआधी आहे तीच नीट लावा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. जमिनीला पाय टेकावेत म्हणून आपण सीट फार खाली ठेवतो आणि गुडघे दुखवून घेतो. फार वर ठेवली तर कंबर डावी-उजवी हलते आणि कातडी घासते. सीट सपाट असू द्या. पुढचं टोक वर असलं तर टोचतं, फार खाली असलं तर आपण पुढे घसरतो आणि तळहात दुखतात. हे सारं एका पान्याचं काम आहे. आतल्या कपड्याची जाड शिवण बसण्याच्या जागी येऊ देऊ नका. एवढं करूनही फोड किंवा बधिरपणा राहिला, तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. वस्तू कुणासाठीही बनवलेली असो, त्यांनी ती आपल्या गरजेवर तपासून घेतली.

आपणही तेच करू. प्रत्येक गटात वेगवेगळ्या रुंदीच्या दोन-तीन जुन्या सीटा जमवा. आठवडा-आठवडा वापरून बघा, आणि मगच पैसे खर्च करा. आणि बैठकीत मोकळेपणानं विचारा, "तुला कुठे दुखतं गं?" एकीनं सांगितलं की दुसरीला बोलायला अवघड जात नाही.