एकटें राहिलेलें विमान



विजयी विमानांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं असतात. आज मी आपणांस एका हरलेल्या विमानाची हकीकत सांगणार आहें.

१९३० नंतर लवकरच ब्रिटिश हवाई खात्यानें 'एफ. ७/३०' या क्रमांकाखालीं नव्या लढाऊ विमानाची मागणी प्रसिद्ध केली. वेग मोठा, मशीनगन्स चार, वैमानिकास चोहोंकडे स्वच्छ दृष्टि, आणि रात्रींही सुखरूप उतरतां यावें म्हणून उतरण्याचा वेग कमी! धांवण्यासाठीं पंख आटोपशीर हवेत. सावकाश उतरण्यासाठीं तेच विस्तृत हवेत. मागणीच्या पोटांतच असें भांडण होतें.

त्यांत खात्याचा ओढा होता रोल्स-रॉइसच्या 'गॉसहॉक' इंजिनाकडे. या इंजिनांतील तापलेल्या पाण्याची वाफ होऊं द्यावयाची, आणि ती गार करून तेंच पाणी पुन्हां इंजिनास पाजावयाचें. वाफ होतांना पाणी पुष्कळ उष्णता ओढून घेतें. म्हणून थोडक्या पाण्यावर काम भागावें आणि वाऱ्यास अडविणारा मोठा रेडिएटर टळावा, असा हिशेब होता. परंतु लढणारें विमान कलंडतें, उलटें होतें. तेव्हां वाफेस व पाण्यास आपापल्या वाटेवर ठेवणार कोण?

येओव्हिल येथील वेस्टलंड कारखान्यांत आर्थर डेव्हनपोर्ट यांनीं या मागणीसाठीं दुपंखी विमान आंखलें. वैमानिक पुढें, इंजिन त्याच्या पाठीमागें, आणि पंख्यास फिरविणारा लांब दांडा त्याच्या आसनाखालून गेलेला. १९३४ च्या मार्चमध्यें हॅरल्ड पेनरोज यांनीं तें प्रथम उडविलें. वैमानिकास दृष्टि उत्तम मिळाली. वेग मात्र ताशीं सुमारें १८५ मैलांवरच थांबला. तसें दुसरें विमान झालें नाहीं.

आर. जे. मिचेल यांच्या सुपरमरीनच्या एकपंखी विमानासही हेंच इंजिन होतें. तेंही तापे, आणि तेंही मागें पडलें. निवड झाली ती ग्लॉस्टरच्या 'ग्लॅडिएटर'ची. तें दुपंखीच, पण साधें. त्याचें 'मर्क्युरी' इंजिन वाऱ्यानेंच थंड होई. ब्रिटिश हवाई दलाचें हें शेवटचें दुपंखी लढाऊ विमान.

मग मूळ भांडण मिटलें काय? तें मिचेल यांनीं पुढें मिटविलें. ५ मार्च १९३६ रोजीं त्यांचें 'स्पिटफायर' प्रथम उडालें. त्याचा पंख पातळ होता, चाकें पंखांत घेतां येत, आणि उतरतांना पंखाखालीं झडपा उघडून वेग आवरतां येई. एकाच पंखानें धांवावें आणि सावकाश उतरावेंही, ही किमया त्या झडपांनीं साधली.

१९४० मध्यें नॉर्वेंत व माल्टावर वैमानिकांना ग्लॅडिएटरमधूनच आपल्याहून वेगवान शत्रुविमानांशीं झुंजावें लागलें. मागणीच्या कागदांवरील विसंगतीचें मोल अखेर आकाशांतील माणूस देतो. वेस्टलंडच्या विमानांत कल्पकता उणी नव्हती. विसंगति तशीच ठेवून तिच्यावर चढविलेली कल्पकता मात्र भार झाली. त्या एकट्या राहिलेल्या विमानापासून घेण्यासारखा बोध हाच.